जुन्या शिकारी रायफलीचे मोल
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनातील व्याख्यानासाठी विद्या, विवाह, आरोग्य अथवा कुलवृत्तान्त यांपैकी एखादा विषय निवडावा असा आपला प्रघात आहे. चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘जुन्या शिकारी रायफलीची किंमत’ असे उत्तर दिले आणि ते काही काळ माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. परंतु महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील आपल्या जुन्या घरांचा विचार केला, तर हा विषय वाटतो तितका परका नाही. सेवानिवृत्त शिक्षकाकडे खेड्यातील माणसे अर्ज लिहून घेण्यास आणि जुने इंग्रजी कागद वाचून घेण्यास येतात. अशा कागदांत बंदुकीचे परवाने पुष्कळदा असतात, आणि ते दाखविणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: “गुरुजी, आजोबांची रायफल आहे. विकली तर हिचे किती येतील?”

या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. ते कोणत्या क्रमाने शोधावे, एवढेच मी आज सांगणार आहे. माझे मुख्य म्हणणे प्रारंभीच मांडतो. रायफलीचे मोल तिच्या पोलादात जेवढे असते, त्याहून अधिक ते तिच्या कागदात असते. कागद चोख नसेल तर लंडनच्या उत्तमात उत्तम कारागिराने घडविलेले हत्यारदेखील आपल्या घरात संपत्ती न राहता संकट होऊन बसते.

ही हत्यारे आपल्याकडे आली कशी, हे थोडक्यात पाहू. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला आणि एतद्देशीय माणसास परवान्याविना बंदूक बाळगणे अशक्य झाले. गोऱ्या लोकांस मात्र त्यातून सूट होती. त्यामुळे आपल्या पूर्वजांपैकी ज्यांस परवाना मिळाला, त्यांच्या दृष्टीने तो एक मानाचा कागद होता. सरकारी नोकरीतील अधिकारी, खोत, इनामदार आणि पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार-जमादार, अशांच्या घरी हा मान आला. महाड तालुक्यातील फौजी आंबवड्यासारख्या गावाचे नावच सैनिकी परंपरेची साक्ष देते. पेन्शनीवर आलेला शिपाईगडी रानडुकरांपासून शेत राखावयास एखादी बंदूक घेई. ज्याची ऐपत अधिक, तो मुंबईस काळा घोडा येथील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानातून अथवा कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉड्डा कंपनीकडून विलायती रायफल मागवी. याच रॉड्डा कंपनीच्या मालातून १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे पळविली होती. यावरून त्या काळी एका व्यापाऱ्याकडे केवढा साठा येत असे, याची कल्पना येते.

पुढे काळ पालटला. १९५९ साली स्वतंत्र भारताचा हत्यारांचा कायदा झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच संपुष्टात आली. रानात हाका घालणारे आणि माचाणावर बसणारे गेले, पण रायफली राहिल्या. खंडेनवमीस त्यांवर गंधफूल वाहिले जाते आणि उरलेले वर्षभर त्या कपाटात पडून असतात. घरातील मुले मुंबई-पुण्यास स्थायिक झालेली आहेत. म्हातारा जातो, परवाना त्याच्या नावाचा असतो, आणि मग किमतीचा प्रश्न उपस्थित होतो.

आता मोल करण्याच्या पहिल्या पायरीकडे वळू. ही पायरी कागदाची. रायफल हातात घेण्यापूर्वी परवाना हातात घ्यावा आणि त्यात चार गोष्टी पाहाव्यात. परवाना कोणाच्या नावे आहे? त्याची मुदत संपली आहे काय? त्यावर लिहिलेला हत्याराचा क्रमांक नळीवरील क्रमांकाशी अंकशः जुळतो काय? आणि सध्याच्या राष्ट्रीय नोंदणीतील ओळख क्रमांक त्या परवान्यास मिळालेला आहे काय? जुन्या परवान्यांवर ‘जिल्हा कुलाबा’ असा शिक्का दिसेल. त्याने गोंधळून जाऊ नये. आपल्या जिल्ह्याचे रायगड हे नाव १९८१ पासूनचे आहे, आणि जुना कागद हा रायफल घरात प्रथमपासून कायदेशीरपणे आली याचा पुरावाच आहे. असे कागद फाडू नयेत. २००५ आणि २०२१ च्या जुलैमधील महापुरांत महाड शहरातील कित्येक घरांची दप्तरे चिखलात गेली. ज्यांचे कागद अशा रीतीने नष्ट झाले असतील, त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून नोंदीचा दाखला मिळविण्याचा प्रयत्न करावा.

परवानाधारक निवर्तल्यावर त्याचा परवाना आपोआप मुलाचा होत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. घर आणि शेत वारसाने मिळते. बंदूकही मालमत्ता म्हणून वारसाने मिळते. परंतु ती जवळ बाळगण्याचा अधिकार वारसाने मिळत नाही. तो निराळा मागावा लागतो. परवाना संपला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे, असे कायदा सांगतो. जमा केले म्हणजे ते गेले, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. मालकी आपलीच राहते आणि अधिकृत माणसास ते विकण्याचा हक्कही आपलाच राहतो. मात्र नियमांत घालून दिलेल्या मुदतीत ते परतही घेतले नाही आणि विकलेही नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा केल्याची पावती जपून ठेवावी आणि मुदत विचारून घ्यावी.

येथे एक उपयुक्त तरतूद सांगतो. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसास परवाना मागता येतोच. परंतु परवानाधारकाची सत्तर वर्षे पुरी झाल्यावर, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने नेमून दिलेल्या वारसाच्या नावे परवाना देण्याचीही सोय आहे. सभागृहात सत्तरी ओलांडलेली पुष्कळ मंडळी दिसत आहेत. त्यांपैकी ज्यांच्या घरी परवाना असेल, त्यांनी हे काम हयातीतच उरकावे. मागे राहणाऱ्यांचे बरेच हेलपाटे त्यामुळे वाचतील.

कागदाचाच दुसरा भाग म्हणजे विक्रीची रीत. खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली रायफल दुसऱ्या परवानाधारकास विकता येते. परंतु विकण्याचा हेतू आणि घेणाराचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यास अथवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखास लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. घेणाराच्या परवान्यावर त्या जातीचे हत्यार खरेदी करण्याची मुभा असावी लागते. म्हणजे आपल्या मालाचे गिऱ्हाईक कोण, हे बाजारापेक्षा कायदाच अधिक ठरवितो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारसाने आलेल्या हत्यारांनाही तीच मर्यादा घातली. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांस एक काढणे भाग पडले. म्हणून विकणारे वाढले आणि घेणारे मात्र मोजकेच राहिले.

कायद्याने मोल चढते-उतरते हे काही आजचे नाही. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने चारशे पन्नास बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. सरकारी मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीचे मापही तेच असल्यामुळे ती काडतुसे बंडखोरांच्या उपयोगी पडतील, अशी त्यांस धास्ती होती. रायफल तीच, पोलाद तेच. पण तिची बाजारपेठ एका फर्मानाने आखडली आणि विलायतेतील कारखानदारांना चारशे पासष्ट, चारशे सत्तर अशा नव्या मापांकडे वळावे लागले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा धडा आपण विसरू नये.

दुसरी पायरी बोअरची. बारा बोअर म्हणजे काय, असे विद्यार्थ्यांस विचारले तर ते बारा इंच, बारा सूत असे काहीबाही सांगतील. वस्तुतः एक रत्तल शिशाचे बारा सारखे गोल गोळे केले, तर त्यांतील एका गोळ्याची जी जाडी, तीच बारा बोअरच्या नळीची पोकळी होय. हे माप छर्ऱ्यांच्या साध्या नळीच्या बंदुकांचे. रायफलीच्या नळीत आतून नागमोडी खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. तिचे माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. तीनशे पंधरा म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले असता त्यांपैकी तीनशे पंधरा, सुमारे आठ मिलीमीटर.

बोअर का पाहावयाचे? एक तर काही बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस हे फौजेचे काडतूस असल्याने त्या मापाची रायफल, मग ती शिकारीसाठी सुबक घडविलेली का असेना, निषिद्ध वर्गात मोडते, आणि तिच्या परवान्याचा विषय थेट केंद्र सरकारच्या गृहमंत्रालयाकडे जातो. तिला गिऱ्हाईक अत्यंत विरळ, म्हणून मोल कमी. दुसरे असे की, काडतूस मिळत नसेल तर रायफल ही केवळ लोखंडी काठी होय. तीनशे पंधराची आणि बारा बोअरची काडतुसे भारतात तयार होतात, आणि आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा या कामी मोठा वाटा आहे. याउलट दोनशे पंचाहत्तर, तीनशे अठरा यांसारख्या विलायती मापांची काडतुसे दुर्मिळ असतात. तेव्हा ज्या रायफलीचे नाव मोठे तिची किंमत मोठी, असे समीकरण मांडू नये.

तीनशे पंधराचाच इतिहास पाहा. सामान्य माणसास थ्री-नॉट-थ्री देता येत नव्हती, म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने मूळच्या ऑस्ट्रियन काडतुसाच्या या मापात रायफली बनवून हिंदुस्थानात पाठविल्या. पुढे बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याने हेच माप उचलले. बीएसए हे नाव आपल्या घरांत सायकलीमुळे परिचित आहे. कंपनीचा धंदा मुळात बंदुकांचा होता आणि एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे तिचे बोधचिन्ह होते. आपल्या भागात वारसाने आलेली रायफल म्हणून जी दाखविली जाते, ती बहुधा अशी तीनशे पंधराचीच असते. तिची किंमत ठरविण्यास एक सोपी कसोटी आहे. सरकारी कारखान्याच्या नव्या तीनशे पंधराची चालू किंमत विक्रेत्यास विचारावी. जुन्या ईशापुरी रायफलीची किंमत सहसा त्याच्या खालीच राहावयाची. जुन्या बीएसएच्या बाबतीत मात्र घडण आणि स्थिती पाहून ती वर जाऊ शकते.

तिसरी पायरी नळीची. येथे आपल्या कोकणच्या हवेचा प्रश्न येतो. वर्षास तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात, सावित्रीच्या आणि गांधारीच्या काठी, लोखंड जपणे हे तपश्चर्येसारखे आहे. त्यातून जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार बार उडाल्यानंतर नळीत मिठासारखा साचून राहतो आणि हवेतील ओल शोषून घेतो. जाणते शिकारी म्हणूनच घरी परतताच नळीत उकळते पाणी ओतून ती धुवीत, कोरडी करीत आणि मग तेल लावीत. ज्यांनी हे केले त्यांच्या नळ्या आजही आरशासारख्या आहेत. ज्यांनी नुसतेच तेल चोपडले त्यांच्या नळ्या आतून देवीचे व्रण पडल्यासारख्या झाल्या आहेत. असे व्रण पडलेल्या, खाचा झिजलेल्या नळीची रायफल बाहेरून कितीही देखणी असली तरी जाणता गिऱ्हाईक निम्म्याने भाव पाडतो. पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या आणि पुराच्या पाण्यात बुडालेल्या हत्यारांची तपासणी तर अधिकच बारकाईने करावी लागते.

ही तपासणी आपण स्वतः करू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा अधिकृत कारागिराकडूनच ती करवावी. रायफल रिकामी आहे अशा समजुतीने झालेल्या अपघातांच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. जुन्या रायफलीत हाती लागेल ते काडतूस घालून ती उडवून पाहणे हे तर आत्मघातकी आहे. १८९० च्या आसपास काळ्या दारूच्या जागी धूरविरहित तीव्र दारू आली. त्यापूर्वीच्या, काळ्या दारूसाठी बनविलेल्या नळीत नव्या दारूचे काडतूस घातले तर नळी फुटून हात जाऊ शकतो. नळीच्या बुडाशी मुकुटाच्या चिन्हाखाली बारीक अक्षरे कोरलेली दिसतील. ते परीक्षागृहाचे शिक्के होत. इंग्लंडात लंडन येथे आणि १८१३ पासून बर्मिंगहॅम येथे प्रत्येक नळी दुप्पट-दीडपट बाराने परखून मगच शिक्का मारीत. नव्या दारूवर परखलेल्या नळीवर तसा स्पष्ट उल्लेख असतो. कारागीर प्रथम हे शिक्के वाचतो, आणि त्यावरून हत्यार वापरण्याजोगे की केवळ जपण्याजोगे, हे सांगतो.

चौथी पायरी घडविणाऱ्याची आणि अस्सलपणाची. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स ही नावे नळीवर आढळली तर सावकाशीने घ्यावे. या जुन्या पेढ्यांच्या वह्यांत क्रमांकवार नोंदी असतात आणि क्रमांक कळविल्यास हत्यार केव्हा व कोणासाठी बनले, हे पुष्कळदा समजते. मात्र नाव पेढीचे आहे की विक्रेत्याचे, हे नीट पाहावे. पुष्कळ दुकाने दुसऱ्याने बनविलेल्या बंदुकीवर आपले नाव कोरून घेत. अस्सलपणा म्हणजे सर्व भाग मूळचे असणे. दस्ता बदललेला, माशी नवीन बसविलेली, बोल्टावरील क्रमांक नळीच्या क्रमांकाशी न जुळणारा, असे आढळले की मोल घटते. आणि गृहिणींना व उत्साही तरुणांना एक विनंती आहे. विक्रीपूर्वी रायफल चिंच-राखेने अथवा पॉलिश कागदाने घासून लख्ख करू नका. तांब्याचा बंब घासल्याने उजळतो, पण जुन्या नळीवरील मूळचा निळसर-काळा रंग गेला की तिचे अर्धे मोल गेले. ती पुन्हा रंगविली तरी जाणत्याच्या डोळ्यास ते दिसतेच.

घराण्याच्या हकिकतीचेही मोल असते, पण लेखी पुरावा असेल तरच. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्याबद्दल संयुक्त प्रांताचे अधिकारी सर जॉन ह्युएट यांनी त्यांस रिग्बी कंपनीची दोनशे पंचाहत्तर बोअरची रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. त्या पट्टीमुळेच ती त्या जातीच्या इतर शेकडो रायफलींहून निराळी ठरली, आणि आज ती मूळ पेढीकडे परत जाऊन सन्मानाने ठेवलेली आहे. आपल्या आजोबांनी वरंध घाटात वाघ मारला असेल. पण छायाचित्र, पत्र, परवान्यावरील नोंद यांपैकी काही नसेल तर ती हकिकत नातवंडांस सांगण्यासाठी ठेवावी, गिऱ्हाईकास सांगू नये. त्याबरोबरच दुसरे सांगतो. भिंतीवरची सांबरशिंगे, कातडी, मुंडकी रायफलीबरोबर ‘संच’ म्हणून विकण्याचा विचारही मनात आणू नये. त्यांस वन्यजीव कायदा लागू आहे आणि तशी विक्री हा गुन्हा आहे.

पाचवी पायरी बाजाराची. आजकाल तरुण मंडळी विलायतेतील लिलावांचे आकडे वाचतात, पौंडांचे रुपये करतात आणि घरात गुप्तधन सापडल्याच्या आनंदात राहतात. दुरून डोंगर साजरे. १९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तूंच्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसास परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा लंडनचा भाव आपल्या उपयोगाचा नाही. उलट बाजूने पाहता, गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून सामान्य नागरिकास परदेशी बंदूक आयात करण्याची वाट जवळजवळ बंद झालेली आहे. म्हणून देशातच असलेल्या जुन्या, चालत्या, मान्य बोअरच्या विलायती हत्यारांना येथे त्यांच्या मूळ देशातल्यापेक्षाही चढा भाव येऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आपली रायफल कोणत्या बाजूस पडते, ते आधीच्या चार पायऱ्यांवरून कळते.

शंभर वर्षे झाली म्हणजे परवाना लागत नाही, हीदेखील एक प्रचलित चुकीची समजूत आहे. कायद्याने सूट दिली आहे ती जुन्या घडणीच्या अथवा मोडक्या अशा हत्यारास, जे दुरुस्त करूनही उडविता येणार नाही. फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्तीने दुर्मिळ संग्राह्य वस्तू म्हणून गणल्या जाणाऱ्या लहान हत्यारांना नुसते बाळगण्यापुरती परवान्यातून सवलत मिळाली. पण ती वापरण्यास अथवा वाहून नेण्यास परवाना लागतोच. आपले हत्यार या सवलतीत बसते की नाही, हे घरबसल्या ठरवू नये. अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे.

आता हिशेबाची रीत सांगतो. परवानाधारक अशा तीन निरनिराळ्या विक्रेत्यांकडे जावे आणि एकच प्रश्न दोन प्रकारे विचारावा: अशी रायफल तुम्ही मला कितीस विकाल, आणि माझी कितीस घ्याल? समजा, चोख कागदांच्या, उत्तम नळीच्या त्याच जातीच्या रायफलीचा विक्रीचा भाव शंभर आहे. त्यातून विक्रेत्याचा नफा व जोखीम पंधरा, दुरुस्ती दहा आणि आपल्या नळीची झीज वीस वजा केली, तर पंचावन्न उरतात. हे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक हत्यारागणिक ते बदलतील. परंतु जो विक्रेता ही वजाबाकी आपल्यापुढे मांडतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो वजाबाकी न दाखविता एकदम पंधरा सांगतो, किंवा डोळे झाकून दीडशे देऊ करतो, त्या दोघांपासूनही दूर राहावे.

याचे एक उदाहरण नाव न घेता सांगतो. सावित्रीकाठच्या एका घरी वडील वारल्यानंतर कित्येक वर्षे रायफल माळ्यावर तशीच पडून होती. परवान्याची मुदत केव्हाच संपली होती. थोरला भाऊ गावी, धाकटा डोंबिवलीस, बहीण माणगावास दिलेली. धाकट्याच्या मुलाने परदेशी लिलावाचा आकडा शोधून काढला आणि घरात वाटणीची भाषा सुरू झाली. तिकडे थोरल्याकडे एक अनोळखी मध्यस्थ येऊन रोख रक्कम देऊ करून गेला. “कागदाची कटकट नको, रात्री घेऊन जातो,” असे त्याचे म्हणणे. दोघा भावांत बोलणे बंद झाले. धाकट्यास वाटे, थोरला परस्पर विकणार. थोरल्यास वाटे, धाकटा मुद्दाम आडवा येतो. शेवटी बहीण म्हणाली, “दादा, बाबांनी चाळीस वर्षे न चुकता परवान्याचे नूतनीकरण केले. आता त्यांची रायफल चोरवाटेने गेली आणि उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडली, तर तिच्या क्रमांकावरून पोलीस कोणाच्या दारात येतील? मला वाटा नको, पण हे नको.”

या बाईंनी जे ओळखले, ते आपण सर्वांनी ओळखावयास हवे. रायफलीचा क्रमांक ती कोठेही गेली तरी पुसला जात नाही, आणि तो ज्या घरच्या परवान्यावर असतो त्या घराचा माग लागतोच. त्या भावंडांनी वकिलाचा सल्ला घेतला, विलंबाचे कारण लिहून दिले आणि हत्यार ठाण्यात जमा केले. कालांतराने अधिकृत विक्रेत्यामार्फत ते विकले गेले. आलेली रक्कम पुतण्याच्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. पण त्या मध्यस्थाने देऊ केलेल्या रकमेहून ती चांगलीच अधिक होती. तिचे तीन सारखे भाग झाले आणि गणपतीस भावंडे पुन्हा एकत्र जेवली.

ज्यांस विकावयाचे नाही, त्यांच्यापुढेही मार्ग आहेत. वारसाच्या नावे परवाना घेता येईल. अधिकृत कारागिराकडून, परवानगीने, हत्यार कायमचे निकामी करवून आठवण म्हणून ठेवता येईल. खरोखर दुर्मिळ वस्तू असेल तर संग्रहालयाकडे विचारणा करता येईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचे संग्रह आहेत. रानडुकरांच्या उपद्रवासाठी ती ठेवावी असे पोलादपुराकडील शेतकरी बांधव म्हणतात. नाचणी आणि भात एका रात्रीत उद्ध्वस्त होते, हे मी जाणतो. परंतु परवान्याची बंदूक हाती असली तरी रानडुकरावर गोळी झाडण्यास वनाधिकाऱ्याची परवानगी लागते. पंचनामा करून पिकाची नुकसानभरपाई मागणे हाच तूर्त सुरक्षित मार्ग होय.

बंधुभगिनींनो, समारोप करतो. पाच पायऱ्या लक्षात ठेवा: कागद, बोअर, नळी, घडण आणि बाजार, आणि त्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक घरे पाचव्या पायरीवरून सुरुवात करतात आणि पहिलीवर येऊन अडखळतात. या संमेलनाहून परतल्यावर घरातील परवाना काढून त्याची मुदत पाहावी, ज्येष्ठांनी वारस नेमण्याचा अर्ज करावा, आणि ज्यांच्याकडे मुदत संपलेले हत्यार असेल त्यांनी वकिलास भेटून ते जमा करावे. एवढे झाले तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन. आपल्या वाडवडिलांनी परकी सत्तेच्या काळात मानाने मिळविलेला तो कागद आणि ते हत्यार आपल्या हातून मानानेच पुढे जावे, एवढीच माझी इच्छा आहे.